ख्रिस्ती शिष्यत्वाची किंमत : कोणी दिली, कोणी लिहिली?

१

लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' मी वर्गात अनेक वर्षे शिकवले. शिकवता शिकवता माझे एक ठरलेले व्याख्यान तयार झाले होते. नारायण वामन टिळक हे कोकणातील ब्राह्मण. कवी, वक्ते, कीर्तनाचा नाद असलेले. १८९५ च्या फेब्रुवारीत त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. जात गेली, आप्त गेले, पत्नी आणि लहान मुलगा दुरावले. एवढी किंमत देऊन त्यांनी ख्रिस्ताचे शिष्यत्व पत्करले, असे मी म्हणत असे, आणि इथे वर्ग नेहमी शांत होत असे. शिक्षकाला ती शांतता आवडते. मलाही आवडायची.

एका वर्षी त्या शांततेत मागच्या बाकावरून एक मुलगी उभी राहिली. नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. पणजोबा महार, मिशनच्या काळात ख्रिस्ती झालेले. ती म्हणाली, "सर, टिळकांनी काय काय सोडलं ते कळलं. माझ्या पणजोबांनी काय सोडलं, ते कुठल्या पुस्तकात आहे?"

मी म्हणालो, "त्यांच्याजवळ सोडण्यासारखं होतं तरी काय?"

ती खाली बसली. तास संपला. घरी येईपर्यंत मला कळून चुकले होते की मी जे बोललो ते माझे वाक्य नव्हतेच. ते या देशातल्या जातव्यवस्थेचे वाक्य होते आणि ते महारवाड्यात जन्मलेल्या, १९५६ नंतरच्या बौद्ध घरात वाढलेल्या, चळवळीच्या सभांतून बोलणाऱ्या माणसाच्या तोंडून निघाले होते. पुढचे विवेचन हे त्या मुलीला उशिरा दिलेले उत्तर आहे.

२

शिष्यत्वाला किंमत पडते, हे ख्रिस्ती धर्मात कोणी लपवून ठेवलेले नाही. लूकच्या शुभवर्तमानात येशू आपल्यामागे येऊ पाहणाऱ्या गर्दीला बुरूज बांधणाऱ्या माणसाचा दाखला देतो. बांधकामाला हात घालण्यापूर्वी शहाणा माणूस बसून खर्चाचा हिशेब करतो. नाहीतर पाया घालून काम अडते आणि लोक हसतात. तिथेच घरदार, आईबाप, बायकामुले यांच्याहून मला वरचे स्थान द्यावे लागेल, असेही तो बजावतो.

विसाव्या शतकात या विषयावर ज्याचे नाव प्रथम घेतले जाते तो जर्मन धर्मचिंतक डीट्रिक बॉनहॉफर. त्याचा शिष्यत्वावरचा ग्रंथ १९३७ साली निघाला. किंमत न देता मिळणाऱ्या कृपेला त्याने स्वस्त कृपा म्हटले आणि तिला चर्चचा वैरी ठरवले. १९३९ साली तो अमेरिकेत सुरक्षित होता. तिथून तो आपण होऊन जर्मनीत परतला, हिटलरविरोधी कटात सामील झाला आणि ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनबुर्गच्या छळछावणीत फाशी गेला. आपल्या ग्रंथातले बिल त्याने स्वतःच्या खिशातून चुकते केले. म्हणून त्याच्या शब्दाला वजन आहे.

पण खिसा कोणाचा, हा प्रश्न प्रत्येक त्यागकथेला विचारला पाहिजे. आपली प्रस्थापित समीक्षा तो विचारीत नाही. ती त्याग मोजते तो सोडलेल्या वस्तूच्या बाजारभावाने. ब्राह्मण्य सोडले तर मोठा त्याग, जमीन सोडली तर मध्यम त्याग, आणि ज्याच्याकडे दोन्ही नव्हते त्याचा त्याग शून्य. मार्कच्या शुभवर्तमानातला दहावा अध्याय मात्र या मापाने चालत नाही. त्यात एक श्रीमंत माणूस येतो. सगळे विकून गोरगरिबांना दे, असे त्याला सांगितले जाते आणि तो खिन्न होऊन निघून जातो. त्याच अध्यायाच्या शेवटी यरीहोच्या रस्त्याकडेला बसलेला एक आंधळा भिकारी येतो, बार्तीमय नावाचा. हाक ऐकताच तो अंगावरचे पांघरूण टाकून उठतो, आणि दृष्टी आल्यावर त्याच वाटेने मागोमाग चालू लागतो. त्या पांघरुणाची किंमत काय? भिकाऱ्याचे ते अंथरूण, पांघरूण आणि घर. श्रीमंताची मालमत्ता सर्वांच्या लक्षात राहिली. हे पांघरूण कोणी मोजले नाही. मराठी ख्रिस्ती साहित्याच्या इतिहासातही हेच झाले आहे.

३

आधी टिळकांचा हिशेब. मला त्यांची थोरवी कमी करायची नाही. धर्मांतर करून ते मिशनच्या सावलीत स्वस्थ बसले नाहीत. अभंग आणि कीर्तन त्यांनी देवळातून उचलून चर्चमध्ये आणले. गोऱ्या मिशनऱ्यांच्या वर्चस्वाशी त्यांचे पटले नाही. १९१७ साली त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची पगारी नोकरी सोडली, साताऱ्यास बिऱ्हाड नेले आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोघांनाही शिष्य म्हणून सामावून घेणारा 'देवाचा दरबार' उभारला. १९१९ साली ते वारले. पूर्ण मनाने जगलेला माणूस होता यात शंका नाही.

परंतु 'स्मृतिचित्रे' डोळे उघडे ठेवून वाचले तर या शिष्यत्वाची रोजची किंमत कोणी दिली ते दिसते. निर्णय टिळकांचा होता. तो घेताना पत्नीला विचारलेले नव्हते. ती त्यांच्याजवळ नव्हतीही. तिच्यापर्यंत पोचली ती बातमी. नवरा जिवंत, कपाळी कुंकू, पण संसार नाही. विधवा नाही आणि सधवाही नाही. लहान मूल पदरी, आणि राहायचे बहिणीच्या घरी, पंढरपुरास. टिळकांना नवा देव, नवे मित्र, नवे काम मिळाले. लक्ष्मीबाईंना मिळाले ते लोकांचे बोलणे. सुमारे पाच वर्षांनी त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. तोही नवऱ्यामागे मुकाट्याने जाऊन नव्हे. आधी नगरला येऊन सोवळे सांभाळीत वेगळी चूल मांडून पाहिली, आणि मग स्वतः विचार करून जात टाकली.

या जात टाकण्याचे मोल समजायचे तर त्यांचे माहेर आठवावे. त्यांचे आजोबा १८५७ च्या धामधुमीत फाशी गेले. त्या धक्क्यानंतर वडिलांना सोवळ्याचे वेड लागले. घरात येणारी वस्तू धुऊन घेतल्याशिवाय चालत नसे. अशा घरात वाढलेली बाई एक दिवस स्वतःलाच विचारते की माणसामाणसांत हे भेद केले कोणी, आणि उत्तर मिळाल्यावर कोणाच्याही हातचे खाते. मला विचाराल तर 'स्मृतिचित्रे'तील खरे धर्मांतर हे आहे. टिळकांचे धर्मांतर देव बदलणारे होते. लक्ष्मीबाईंच्या धर्मांतराने पाणी बदलले. आपल्या देशात देव बदलण्यापेक्षा पाणी बदलणे कठीण, हे महाडच्या तळ्याचा इतिहास जाणणाऱ्याला सांगायला नको.

आणि हे सारे त्या रडून सांगत नाहीत, हसवून सांगतात. समीक्षकांनी या विनोदाचे पुष्कळ कौतुक केले. विनोदाखाली काय आहे ते थोड्यांनी पाहिले. पगार दुसऱ्यांना वाटून मोकळा होणारा, रस्त्यावरची अनाथ मुले घरी घेऊन येणारा उदार पुरुष बाहेर संत ठरतो. त्याच संध्याकाळी पीठ कुठून आणायचे हे त्याच्या बायकोला ठरवावे लागते. लक्ष्मीबाई ते नवऱ्याची टवाळी करीत, त्याच्यावरचे प्रेम न सोडता लिहून ठेवतात. म्हणून त्यांचे पुस्तक मोठे. त्यागाची जमाखर्चाची वही तिथे पहिल्यांदा स्वयंपाकघरातून लिहिली गेली.

तरीही एक गोष्ट उरते. ती वही लिहायला लक्ष्मीबाईंना निदान अक्षर होते, त्या अक्षराला वाचक होता, आणि वाचकाला 'ब्राह्मण बाई ख्रिस्ती झाली' याचे कुतूहल होते. त्या मुलीच्या पणजोबांना यातले काय होते?

४

आता तिच्या प्रश्नाकडे येतो. महार ख्रिस्ती झाला तेव्हा त्याने काय सोडले?

गावकीतली महारकी नाकारली की बलुते तुटण्याची भीती. बलुते म्हणजे उपकार नव्हे, सालभराच्या कामाची मजुरी. मेलेले जनावर ओढणार नाही, असे म्हटले की गाव खवळते. ख्रिस्ती झाल्याने सवर्णांची विहीर उघडत नाही. उलट वाड्यातल्या भाऊबंदांशी सोयरीक अडते. जत्रा, देवक, मरीआईचा गाडा यांतून माणूस बाजूला पडतो. ज्याच्याजवळ भाऊबंदकीखेरीज दुसरा आधार नाही, त्याने ती पणाला लावणे हे बार्तीमयाचे पांघरूण आहे.

यावर सवर्ण समाजाचे उत्तर ठरलेले होते : पोटासाठी बाटले. ब्राह्मण ख्रिस्ती झाला तर तो विचाराने झाला, मंथनाने झाला. महार-मांग झाला तर दुष्काळातल्या ज्वारीने झाला. म्हणजे भरल्या पोटाच्या माणसालाच श्रद्धा असू शकते आणि उपाशी माणसाला फक्त भूक. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला तेव्हा पुण्यात गदारोळ झाला. त्या वेळी त्यांची बाजू घेऊन 'सत्सार' काढणारे जोतीराव फुले होते, १८८५ साली. रमाबाईंनीही मोठी किंमत दिली. १८९३ साली शारदा सदनावर वादळ उठले आणि सुधारक म्हणवणाऱ्या सल्लागारांनी पाठ फिरवली. पण रमाबाईंच्या विरोधकांनाही त्यांच्या विद्वत्तेवर, मंथनावर वाद घालावा लागला. अस्पृश्य ख्रिस्त्याशी कोणी वादसुद्धा घातला नाही. त्याला विचार असू शकतो, हेच मान्य नव्हते.

कायद्याकडे पाहिले तर हा भेद आणखी उघडा पडतो. १८५० साली कंपनी सरकारने कायदा केला की धर्म बदलल्याने किंवा जातीबाहेर पडल्याने कोणाचा वारसाहक्क बुडणार नाही. याचा फायदा कोणाला? ज्याला वारसा होता त्याला. बरोबर शंभर वर्षांनी, १९५० च्या ऑगस्टमध्ये, अनुसूचित जातींविषयी राष्ट्रपतींचा आदेश निघाला. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदाने हिंदू धर्माखेरीज अन्य धर्म मानणाऱ्याला अनुसूचित जातीचा मानू नये, असे ठरवले. ज्याचा एकमेव वारसा अस्पृश्यता हा होता, त्याच्या अंगावरची अस्पृश्यता तशीच राहिली. फक्त तिच्यावरचा कायद्याचा इलाज काढून घेतला. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना त्या परिच्छेदात जागा मिळाली. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेर राहिले. मद्रासच्या रस्त्यावर जोडे शिवणारा सूसाई सर्वोच्च न्यायालयात गेला. हिंदू चर्मकारांना सरकारने बसायला टपऱ्या दिल्या; त्याला दिली नाही, कारण तो ख्रिस्ती. १९८५ साली न्यायालयाने सांगितले की धर्मांतरानंतरही अस्पृश्यतेची झळ तितकीच तीव्र राहते हे पुराव्याने दाखवा. २००७ साली रंगनाथ मिश्र आयोगाने तो तिसरा परिच्छेदच काढून टाकण्याची शिफारस केली. २०२२ साली याच प्रश्नासाठी न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा नवा आयोग नेमला गेला.

बौद्ध वाचकांनी इथे घाई करून 'हा त्यांचा प्रश्न' असे म्हणू नये. १९५६ ते १९९० ही चौतीस वर्षे केंद्राच्या सवलतींबाबत आपणही त्याच दाराबाहेर उभे होतो. धर्म बदलल्याची शिक्षा कशी असते हे आपल्याला ऐकून नव्हे, भोगून ठाऊक आहे.

माझ्या घरातलेच सांगतो. माझ्या आजोबांचे थोरले भाऊ तरुणपणीच ख्रिस्ती झाले. आजोबा त्यांच्याबरोबर गेले नाहीत. पुढे बाबासाहेबांच्या मागे बौद्ध झाले. एकाच वाड्यातून दोन वाटा निघाल्या. थोरल्या आजोबांची पत्नी, माझी चुलत आजी, मिशनची बायबलबाई होती. खेडोपाडी पायी हिंडून बायकांना अक्षरओळख करून द्यायची आणि गोष्टी सांगायच्या, हे तिचे काम. तिच्या मुलाला, म्हणजे माझ्या चुलत्यांना, शाळेत घालताना हेडमास्तरांनी भल्या भावनेने सुचवले, "धर्माच्या रकान्यात हिंदू महार लिहू. रविवारी तुम्ही कुठं जाता ते कोण बघतंय?" आजीने नकार दिला. "जे आहे ते लिहा," एवढेच ती म्हणाली.

त्या एका शब्दाने चुलत्यांच्या वाट्याची शिष्यवृत्ती गेली, पुढे नोकरीतली राखीव जागा गेली. एका कचेरीत दाखल्यासाठी ते तीनदा गेले. "धर्म बदललात तेव्हा जात कुठं राहिली?" असे तिथल्या कारकुनाने ऐकवले. त्याच कचेरीत त्यांच्यासाठी पाण्याचा पेला वेगळा होता. मी शिकलो, प्राध्यापक झालो. ते एका गोदामात हिशेबनीस म्हणून निवृत्त झाले. आमच्या बुद्धीत फरक नव्हता. आमच्या दाखल्यात होता.

शिष्यत्वाची किंमत म्हणतात ती ही. ज्याने कागदावर एक आणि मनात एक असे ठेवले त्याला सवलत. मी त्याला दोष देत नाही. लेकरांच्या शिक्षणासाठी माणूस ते करतो. पण ज्याने पूर्ण मनाने, उघडपणे शिष्यत्व स्वीकारले त्याला दंड. राज्यसंस्थेने प्रामाणिकपणावरच कर बसवला. आणि हा कर टिळकांना नव्हता, लक्ष्मीबाईंना नव्हता, रमाबाईंना नव्हता. तो फक्त दलित ख्रिस्त्याला होता.

बाबासाहेबांनी हे १९३८ च्या जानेवारीत सोलापूरला ख्रिस्ती श्रोत्यांसमोर बोलून दाखवले होते. अस्पृश्य मुलगा ख्रिस्ती झाला की त्याची शिष्यवृत्ती जाते, हे त्यांनी तेव्हाच सांगितले. त्याच भाषणात त्यांनी बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तिमत्त्वांविषयी आदर व्यक्त केला आणि दक्षिणेतल्या चर्चमधील जातिभेदावर बोटही ठेवले. पुढच्या लेखनात त्यांनी आणखी कठोर प्रश्न विचारला : ख्रिस्ती झालेला अस्पृश्य आपल्यावरच्या अन्यायाविरुद्ध उठत का नाही? मुक्ती परलोकावर सोपवली की इहलोकातला लढा मंदावतो, हा त्यांचा आक्षेप आजही चर्चने ऐकण्यासारखा आहे. माझ्या चुलत आजीचा 'जे आहे ते लिहा' हा नकार मोठा होता. पण त्या नकाराच्या पाठीशी चर्च उभे राहिले नाही. तो तिने एकटीने पेलला.

५

मग हे लिहिले का गेले नाही? 'ज्ञानोदय'ने १८५५ साली फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता या मांग मुलीचा निबंध छापला होता. म्हणजे अक्षर आणि छापखाना यांची भेट फार लवकर झाली होती. पण पुढे मिशनच्या अहवालांत महार-मांग ख्रिस्ती आला तो बाप्तिस्म्याच्या आकड्यात. आत्मचरित्र लिहिले ते वरच्या जातींतून आलेल्यांनी. १९७८ च्या 'बलुतं'पासून दलित आत्मकथनांची लाट आली, तिच्यात बौद्ध झालेला महार बोलला, भटका-विमुक्त बोलला. ख्रिस्ती दलित मात्र बव्हंशी गप्प राहिला. चर्चमध्ये तो 'दलित' म्हणायला बिचकला आणि चळवळीत 'ख्रिस्ती' म्हणायला. त्याला बिचकवणाऱ्यांत आपणही होतो.

तमिळमध्ये १९९२ साली बामाचे 'करुक्कु' आले. परैयर जातीतली ही कॅथलिक मुलगी गोरगरिबांची सेवा करायची म्हणून जोगीण झाली, आणि मठातही जात भेटली म्हणून काही वर्षांनी बाहेर पडली. तिने दोनदा किंमत दिली. आत जाताना एकदा आणि बाहेर पडताना एकदा. मराठीत असे पुस्तक मी शोधतो आहे.

आणि हा आरसा आपल्याकडेही वळवला पाहिजे. शिष्यत्व फक्त ख्रिस्ताचे नसते. चळवळीलाही पूर्ण वेळ देणारे शिष्य लागतात. मल्लिका अमर शेख यांचे 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' १९८४ साली आले तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी ते चळवळीची बदनामी म्हणून वाचले. ते 'स्मृतिचित्रे'च्या शेजारी ठेवून वाचा. बाहेर झुंजणाऱ्या पुरुषाचा हिशेब घरातली बाई मांडते आहे. एकीने हसत मांडला, दुसरीने जखम उघडी ठेवून. बेबी कांबळेंनी 'जिणं आमुचं' लिहून वर्षानुवर्षे घरात लपवून ठेवले. कार्यकर्ता मोर्चात असतो तेव्हा पोरांची फी कोण भरते, या प्रश्नाला आपल्या नियतकालिकांत किती पाने मिळाली?

समीक्षकाने त्यागाची कथा वाचताना तीन गोष्टी विचाराव्यात, असे मला वाटते. निर्णय कोणाचा होता? किंमत कोणी दिली? आणि ती लिहायची संधी कोणाला मिळाली? तिन्हींचे उत्तर एकच माणूस असेल तर त्या त्यागाला निःशंक नमस्कार करावा. उत्तरे वेगवेगळी येत असतील तर नमस्कार थोडा थांबवून उरलेल्या दोघांना शोधायला निघावे.

त्या मुलीची पुढे गाठ पडली. ती आता शाळेत शिकवते. मी तिला म्हणालो, "बाई, त्या दिवशी मी चुकलो." ती म्हणाली, "सर, मी पणजोबांचं विचारून घेतलंय आत्याकडून. वहीत उतरवते आहे." मी वही मागितली नाही. ती पुरी होऊ दे. आपल्या पानांवर तिच्यासाठी जागा ठेवणे, एवढे काम मात्र आपले आहे.